वारा एकीकडचा, लाट दुसरीकडची

एका खेळाला जोराचा वारा लागतो आणि मोठ्या लाटाही लागतात. तो खेळायला कोकणच्या किनाऱ्यावर कोणता महिना निवडावा? बहुतेक जण चटकन 'जुलै' असे उत्तर देतील. जुलैमध्ये वारा सोसाट्याचा असतो, दर्या खवळलेला असतो. तेव्हा दोन्ही गोष्टी आयत्याच मिळतात, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकतो. तो का चुकतो हे नीट कळले, तर जगाच्या नकाशावर बोट ठेवून 'इथे जमेल, तिथे जमणार नाही' असे घरबसल्या बऱ्याच अंशी सांगता येते. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान शाळेच्या पुस्तकांबाहेर फारसे जात नाही.

हा खेळ म्हणजे विंडसर्फिंग. एक हलकी फळी, तिच्यावर डोलकाठी आणि डोलकाठीला शीड. डोलकाठी फळीला अशा सांध्याने जोडलेली असते, की ती कोणत्याही दिशेला कलू शकते. फळीला सुकाणू नसते. स्वार फळीवर उभा राहून शिडाची आडवी दांडी दोन्ही हातांनी धरतो आणि शीड पुढे-मागे कलवून दिशा बदलतो. १९८४ सालापासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. पण तेथे तो शर्यतीच्या स्वरूपात असतो. आपण ज्याचा विचार करणार आहोत तो लाटांवरचा प्रकार. यात स्वार फुटणाऱ्या लाटा ओलांडत समुद्रात जातो, तेथे वळतो, एखादी चांगली लाट पकडतो आणि तिच्या उतारावर वळणे घेत किनाऱ्याकडे येतो. अशी ये-जा तासन्‌तास चालते. ती चालण्यासाठी वारा आणि लाट यांच्यात एक विशिष्ट नाते जुळावे लागते. ते सगळीकडे जुळत नाही.

लाटेचे गाव दूर असते

समुद्रावरच्या जवळजवळ सर्व लाटा वाऱ्यानेच उठवलेल्या असतात. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते : वारा किती जोराचा, तो किती तास वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. तळ्यात कितीही वारा सुटला तरी तीन मीटरांची लाट उठत नाही; कारण वाऱ्याला धाव घ्यायला जागाच नसते. उलट महासागरातल्या मोठ्या वादळात वारा हजार किलोमीटर धावतो आणि दोन-दोन दिवस वाहतो. त्या वादळाच्या पोटात लाटांची नुसती झुंबड असते. लहान, मोठ्या, तिरप्या, एकमेकींवर चढलेल्या.

या लाटा वादळाच्या बाहेर पडल्या, की एक मजेदार गोष्ट घडते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकालावर, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन शीर्षांमधल्या वेळावर, अवलंबून असतो :

लाटेचा वेग (मीटर दर सेकंदाला) = १.५६ × आवर्तकाल (सेकंद)

यातला १.५६ हा आकडा गुरुत्वत्वरणाला २π ने भागून, म्हणजे ९.८ भागिले ६.२८ करून, आलेला आहे. ध्वनीचे असे नसते. हवेत ताशाचा आवाज आणि सनईचा आवाज एकाच वेगाने येतात, म्हणून लांबची वरात ऐकू आली तरी सूर-तालाचा मेळ बिघडत नाही. ध्वनी जर समुद्राच्या लाटांसारखा वागला असता, तर जाड स्वर आधी येऊन गेले असते आणि सनई पुष्कळ वेळाने ऐकू आली असती. समुद्रावर नेमके हेच घडते. दीर्घ आवर्तकालाच्या लाटा पुढे निघतात, लहान मागे पडतात आणि वाटेत लाटांची आपोआप प्रतवारी होते.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. वर दिलेला वेग एकेका शीर्षाचा आहे. लाटांचा जो तांडा ऊर्जा घेऊन पुढे जातो, त्याचा वेग खोल पाण्यात याच्या निम्मा असतो. तांड्यातली पुढची लाट विरत जाते, मागे नवी उठते. तळ्यात दगड टाकून वर्तुळांकडे नीट पाहिलेत तर हे डोळ्यांनी दिसते. तेव्हा तांड्याचा वेग काढताना १.५६ ऐवजी ०.७८ घ्यायचे.

आता उदाहरण करू. किनाऱ्यापासून ३,००० किलोमीटरांवर वादळ झाले. १६ सेकंद आवर्तकालाच्या लाटांचा तांडा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने येईल. त्याला सुमारे ६७ तास लागतील. १२ सेकंदांच्या लाटांना ८९ तास आणि ८ सेकंदांच्या लाटांना साडेपाच दिवस. म्हणजे किनाऱ्यावर पहिल्यांदा येतात त्या लांबलचक, संथ, एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर असणाऱ्या, ओळीने शिस्तीत चालणाऱ्या लाटा. अशा लाटेला इंग्रजीत 'स्वेल' म्हणतात. आपण तिला 'दूरची लाट' म्हणू. लहान लाटांची ऊर्जा वादळाच्या आसपासच बरीचशी संपते. दीर्घ लाटा मात्र फार दूरवर टिकतात. किती दूर? वॉल्टर मंक (१९१७–२०१९) या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मापनकेंद्रांची साखळी उभारून दक्षिणेकडच्या वादळांत उठलेल्या लाटांचा माग काढला. दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करूनही या लाटा ओळखू येत होत्या.

आपल्या देशातही हे घडते. केरळच्या किनाऱ्यावर, विशेषतः एप्रिल-मेच्या सुमारास, वारा नसताना, आकाश निरभ्र असताना समुद्र अचानक वस्तीत शिरतो. तेथले लोक याला 'कल्लक्कडल' म्हणतात. म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हा चोर येतो दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांकडून, सहा-सात हजार किलोमीटरांवरून. हैदराबादची 'इनकॉइस' ही संस्था त्याची पूर्वसूचना देते. अशी सूचना देता येते याचे कारण वरचे गणितच आहे : वादळ आज दिसले, लाटा किनाऱ्याला लागायला पाच-सहा दिवस आहेत.

सांगायचा मुद्दा असा, की मोठी लाट आणि जोराचा वारा एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच कारणाने असायला हवेत असे मुळीच नाही. लाट एका वादळाची आणि वारा दुसऱ्याच व्यवस्थेचा असू शकतो. आणि हा खेळ खेळणाऱ्याला हवे असते ते हेच.

शीड काय मागते?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली आणि ५ चौरस मीटरांचे शीड घेतले, तर सेकंदाला ५ मीटरांच्या वाऱ्यात शिडावर साधारण ७५ न्यूटन बल येते. हे झाले साडेसात किलो वजन उचलण्याइतके. फळी आणि स्वार यांना पाण्याच्या पृष्ठभागावर उचलून पळवायला ते पुरत नाही. वारा दुप्पट, म्हणजे सेकंदाला १० मीटर झाला, की बल चौपट : ३०० न्यूटन. आता फळी पाण्यावरून सटासट धावू लागते. वारा १५ मीटरांवर गेला तर तेच बल ६७५ न्यूटन होते. स्वाराचे हात आणि वजन दोन्ही अपुरी पडतात आणि लहान शीड लावावे लागते. म्हणून लाटांवरच्या स्वारांजवळ वेगवेगळ्या आकारांची तीन-चार शिडे असतात. वाऱ्याचा पट्टा ठरलेला आहे : साधारण ८ ते १५ मीटर दर सेकंदाला, म्हणजे ताशी ३० ते ५५ किलोमीटर. आणि वारा झटक्याझटक्याने येणारा नको, सलग वाहणारा हवा. हे वर्गाचे प्रमाण पाहिलेत म्हणजे कारण कळेल. वाऱ्याचा वेग नुसता दीडपट झाला तरी हातातले ओढणे सव्वादोन पट होते.

छत्रीचे गणित समुद्रावर

सापेक्ष वेगाचे गणित परीक्षेत आले की ते हमखास पावसाचे आणि छत्रीचे असते. तेच गणित आता समुद्रावर करू. कारण या लेखाचा सगळा गाभा त्यात आहे.

समजा, लाट किनाऱ्याकडे सेकंदाला ६ मीटर वेगाने येत आहे आणि स्वार तिच्याबरोबर येत आहे. वाऱ्याचा वेग १० मीटर आहे.

वारा सरळ समुद्राकडून किनाऱ्याकडे, म्हणजे लाटेच्याच दिशेने, वाहत असेल तर स्वाराला जाणवणारा वारा १० वजा ६, म्हणजे अवघा ४ मीटर. दाब वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे शिडावरचे बल शेकडा १६ वर आले. लाट पकडल्याबरोबर शीड ढिले पडते.

वारा उलट, सरळ जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर जाणवणारा वारा १६ मीटर, आणि तोही थेट तोंडावर. कोणतेही शीड वाऱ्याच्या थेट तोंडात चालत नाही. दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांचा टापू त्याला वर्ज्य असतो.

आता वारा किनाऱ्याला समांतर, लाटेच्या मार्गाला आडवा वाहू द्या. काटकोन त्रिकोण काढा. १० चा वर्ग १००, ६ चा वर्ग ३६, बेरीज १३६, वर्गमूळ ११.७. म्हणजे लाटेवर आल्यावर वारा कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. आणि त्याची दिशा? पुढच्या दिशेपासून सुमारे ५९ अंशांवर. शिडाला हा कोन चांगला मानवतो. पहिल्या आणि या स्थितीतल्या बलांची तुलना करा : १६ आणि १३६. वारा तोच, लाट तीच, फक्त दिशा बदलली आणि बल साडेआठपट झाले. (प्रत्यक्षात स्वार लाटेच्या उतारावर तिरपा धावतो, त्यामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण निष्कर्ष बदलत नाही.)

आडव्या वाऱ्याचा आणखी एक फायदा आहे. समुद्रात जाताना वारा बाजूने, परत येतानाही वारा बाजूने. दोन्ही खेपा सरळ होतात. वारा समोरून असेल तर बाहेर जाताना नागमोडी मार्गाने, वारा आणि फेसाळ लाटा दोघांशी झगडत जावे लागते.

लाटेलाही वाऱ्याची दिशा कळते बरे का! मागून वारा ढकलत असला की लाटेचे शीर्ष वेळेआधीच कोसळते आणि नुसता फेस होतो. वारा किंचित जमिनीकडून असला, तर तो लाटेच्या उभ्या होणाऱ्या भिंतीला समोरून टेकू देतो. ती उशिरा आणि स्वच्छ फुटते. म्हणून जाणकार स्वार 'आडवा, आणि किंचित समुद्राकडे झुकलेला' वारा सर्वांत उत्तम मानतात.

आता जुलैतल्या कोकणाकडे वळा. किनारा पश्चिमेला तोंड करून उभा. मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येणारा आणि लाटा त्याच वाऱ्याने उठवलेल्या, त्याही तिकडूनच. आपल्या तीन उदाहरणांतले हे पहिले, शेकडा १६ वाले उदाहरण झाले. वर लाटा अस्ताव्यस्त, पाणी गढूळ, ओढ भयंकर. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, यातच समुद्राचा स्वभाव कळतो. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, त्याचा कोन बरा असतो. पण तेव्हा लाटा लहान असतात. शिकाऊ माणसाला ते पाणी चांगले, लाटांवरच्या खेळाला अपुरे.

तळाचा हात

लाट खोल समुद्रातून किनाऱ्याकडे येते तेव्हा पाण्याची खोली तिच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली, की तिला तळ 'लागतो'. १४ सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी १.५६ × १४ × १४, म्हणजे सुमारे ३०६ मीटर. तिला १५३ मीटर खोलीवरच तळाची जाणीव होते. ६ सेकंदांच्या लाटेला मात्र २८ मीटरांपर्यंत तळाचा पत्ता नसतो. तळ लागला की लाट मंदावते, मागची लाट जवळ येते, उंची वाढते. आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. तीन मीटरांची लाट चार मीटरांच्या आसपास खोलीवर फुटते. तेथे तिचा वेग गुरुत्वत्वरण गुणिले खोली यांच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे ६ मीटर दर सेकंदाला. वरच्या गणितात ६ हा आकडा कोठून घेतला ते आता कळले असेल.

लाटेचा एक भाग उथळ पाण्यात व दुसरा खोल पाण्यात असेल, तर उथळातला भाग मागे पडतो आणि लाट वळते. हे प्रकाशाचे वक्रीभवन, नव्या पुस्तकांतले अपवर्तन, जसेच्या तसे आहे. काचेऐवजी उथळ पाणी, एवढाच फरक. पाण्यात शिरलेल्या भूशिराभोवती लाटा अशाच गोळा होतात, आणि उपसागरात पसरून दुबळ्या होतात. भूगोलाच्या तासाला 'भूशिरांची झीज अधिक होते' असे शिकवतात, त्याचे एक कारण हेच.

तळाची घडणही महत्त्वाची. वाळूचा तळ प्रत्येक हंगामात बदलतो. खडकाचा किंवा प्रवाळाचा तळ एकाच जागी राहतो, म्हणून लाटही वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच रीतीने फुटते. शिवाय किनाऱ्यापुढे उथळ पाण्याचा पट्टा किती रुंद आहे तेही पाहावे लागते. मुंबईसमोरचा भूखंडमंच तीनशे किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे. एवढा वेळ तळ घासत आलेल्या दीर्घ लाटेची बरीच शक्ती वाटेतच खर्च होते. याच्या उलट महासागराच्या तळातून उभा वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर असेल तर? दूरची लाट शेवटच्या क्षणापर्यंत आपली शिदोरी न सोडता येते. असा डोंगर, त्याला खडकाळ उंबरठा, त्यावर आडवा वारा. हे सगळे एकत्र कोठे मिळते?

माउई बेटाचा उत्तर किनारा

पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी माउई या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पाइआ गावाजवळ, होऊकिपा नावाची जागा आहे. लाटांवरच्या विंडसर्फिंगचे हे जगातले सर्वांत नामांकित ठिकाण. नकाशापुस्तकात हवाई बेटांचे पान उघडा आणि पुढचे वाचा.

प्रथम वारा. हवाई बेटे सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहेत. बेटांच्या ईशान्येला समुद्रावर उच्च दाबाचा मोठा प्रदेश असतो आणि त्याच्याकडून पूर्व-ईशान्येचा वारा सतत वाहत राहतो. माउई बेटावर दोन डोंगर आहेत. पूर्वेला हालेआकाला, ३,०५५ मीटर उंच. पश्चिमेला पश्चिम माउईचे डोंगर, १,७६४ मीटर. मध्ये सखल मैदान. व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशात साधारण दोन-अडीच किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खालची हवा हे झाकण फोडून हालेआकालावरून सहजी जात नाही. ती डोंगराला वळसा घालते आणि दोन डोंगरांमधल्या मैदानात घुसते. बागेच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की पाण्याची धार वेगाने सुटते, तसेच हे. होऊकिपा या मार्गाच्या अलीकडच्या तोंडाशी आहे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर वारा उजवीकडून, जवळजवळ आडवा, किंचित किनाऱ्याकडे झुकलेला येतो.

आता लाट. नोव्हेंबर ते मार्चमध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये, जपानपासून अल्यूशियन बेटांपर्यंतच्या पट्ट्यात, एकामागून एक वादळे होतात. त्यांच्या दूरच्या लाटा दोन-तीन हजार किलोमीटर चालून वायव्य आणि उत्तर दिशांनी हवाईला येतात. वारा पूर्व-ईशान्येचा, लाट उत्तर-वायव्येची. दोघांचे जन्मस्थान वेगळे, कारण वेगळे, आणि त्यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास. समुद्रातून एकदम उठलेला बेटाचा उतार आणि किनाऱ्याशी खडकांचा उथळ उंबरठा.

पण येथेही सगळे सरळ नाही, आणि मला स्वतःला या जागेचा हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. माउईच्या वायव्येला मोलोकाई हे बेट आहे. पश्चिमेकडे जास्त झुकलेली लाट आली, की मोलोकाई आणि पश्चिम माउईचे डोंगर तिला आडवतात. होऊकिपा त्यांच्या सावलीत राहते. तीच लाट थोडी उत्तरेकडून आली तर थेट पोहोचते. दोन वादळे सारखीच मोठी, पण एकाची लाट पोहोचते आणि दुसऱ्याची अडते, ती या काही अंशांच्या फरकामुळे.

दुसरी अडचण पंचांगाची. उन्हाळ्यात ईशान्येचा उच्च दाब भक्कम असतो, व्यापारी वारा जवळजवळ रोज वाहतो. पण तेव्हा उत्तर पॅसिफिक शांत, म्हणून दूरच्या लाटा नाहीत. (दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांच्या लाटा तेव्हा येतात, पण त्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागतात.) हिवाळ्यात लाटांची रेलचेल, पण उच्च दाब ढिला पडतो, वादळांच्या शेपट्या बेटांपर्यंत येतात, आणि वारा कधी थांबतो तर कधी उलटा दक्षिणेकडून वाहू लागतो. म्हणजे जे वादळ लाटा पाठवते तेच फार जवळ आले तर वारा बिघडवते. उत्तम दिवस कोणता? वादळ दूर उत्तरेकडून निघून गेले आहे, त्याची लाट वाटेवर आहे, आणि मधल्या काळात उच्च दाबाने पुन्हा बैठक जमवली आहे. असे दिवस शरद ऋतूत आणि वसंतात अधिक जुळतात. 'अलोहा क्लासिक' ही प्रसिद्ध स्पर्धा होऊकिपाला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होते, त्याचे कारण आता वेगळे सांगायला नको.

इतर काही किनारे

हाच मेळ दुसरीकडे वेगळ्या रीतीने जमतो. अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांपैकी साल या बेटावर पोंता प्रेता ही जागा पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर आहे. व्यापारी वारा तेथे बेट ओलांडून समुद्राकडे जातो. उत्तर अटलांटिकच्या हिवाळी वादळांची लाट बेटाच्या कडेने वळसा घालून, म्हणजे वक्रीभवनाने, तेथे येते. लाट अत्यंत स्वच्छ, पण जागा निष्णातांचीच.

आयर्लंडमधला ब्रँडन उपसागर मला नकाशात फार आवडतो. तेथे वाऱ्याची दिशा रोज बदलते. पण उपसागराचा किनारा चंद्रकोरीसारखा वाकलेला असल्यामुळे वारा नैर्ऋत्येचा असो वा उत्तरेचा, कोरीचा कोणता ना कोणता भाग त्याला समांतर सापडतोच. वारा बदलला की जागा बदलायची, किनारा तोच. डेन्मार्कमधल्या क्लिटमुलर गावाला 'थंड हवाई' म्हणतात. उत्तर समुद्र लहान, त्यामुळे लाटा आखूड आवर्तकालाच्या आणि वाऱ्याच्याच दिशेच्या. पण गावाजवळ किनारा वळण घेतो आणि वाऱ्याला हवा तो कोन देतो.

धोका कोठे असतो?

नवख्या माणसाला सर्वांत फसवा वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, आपला मतलई वारा. किनाऱ्यावर उभे राहिले तर तो मंद वाटतो. कारण झाडे, घरे, टेकड्या त्याला अडवतात. किनाऱ्याजवळचे पाणी गुळगुळीत दिसते; कारण वाऱ्याला धाव घ्यायला तेथे अंतर नसते. पाचशे मीटर आत गेले की तोच वारा पूर्ण जोराने लागतो, आणि शीड मोडले किंवा हात थकले तर तो माणसाला खुल्या समुद्राकडे नेत राहतो. समुद्राकडून येणारा वारा खेळाला वाईट असला, तरी निदान किनाऱ्याकडे आणून सोडतो. आडव्या वाऱ्यात माणूस किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत जातो. म्हणून वारा जिकडे नेतो तिकडे पुढे काय आहे ते पाण्यात उतरण्यापूर्वी पाहावे लागते. होऊकिपाला वाऱ्याच्या त्या बाजूला खडक आहेत आणि कित्येक डोलकाठ्या व शिडे त्यांवर मोडली आहेत.

दूरच्या लाटांबद्दलही सावधगिरी हवी. दीर्घ लाटा टोळीने येतात : चार-पाच मोठ्या, मग काही मिनिटे शांतता. दोन मिनिटे पाहून 'समुद्र शांत आहे' म्हणणारा माणूस पुढच्या टोळीत सापडतो. जाणकार स्वार आधी पंधरा-वीस मिनिटे नुसता बसून पाहतो.

तुम्ही करून पाहा

किनाऱ्यालगतच्या शाळांतील शिक्षकांनी हा प्रयोग वर्षभर जरूर करून घ्यावा. पाण्यात उतरायचे नाही; पावसाळ्यात तर बंधाऱ्यामागे, उंचावर उभे राहूनच पाहायचे. समुद्रातला एखादा खडक किंवा खांब नेमा. एक शीर्ष तेथे आले की घड्याळ सुरू करा आणि त्यानंतरच्या दहाव्या शीर्षाला थांबवा. वेळेला १० ने भागले की आवर्तकाल मिळाला. असे पाच वेळा करून सरासरी घ्या. आवर्तकाल सहा-सात सेकंद असेल तर लाट जवळपासच्या वाऱ्याची. बारा-चौदा असेल तर ती दूरची. मग मूठभर कोरडी वाळू हळूहळू सोडून वाऱ्याची दिशा पाहा. वहीत किनाऱ्याची रेघ काढा, तिच्यावर वाऱ्याचा एक बाण आणि लाटेचा एक बाण काढा, कोन मोजा, तारीख घाला. बारा महिन्यांच्या अशा आकृत्या वर्गात ओळीने टांगल्या, तर आपल्या गावच्या समुद्राचे पंचांग तयार होईल.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी एक कोडे देतो. एक गोल बेट आहे. त्याला घड्याळाची तबकडी समजा. बाराचा आकडा उत्तरेला, तीनचा पूर्वेला. वारा वर्षभर पूर्वेकडून येतो, दूरच्या लाटा उत्तरेकडून. वारा आडवा आणि किंचित समुद्राकडे झुकलेला मिळावा, शिवाय लाटही पोहोचावी, असा किनारा तबकडीच्या कोणत्या दोन आकड्यांमध्ये सापडेल? आणि बेटाच्या मधोमध तीन हजार मीटरांचा डोंगर उभा केला, तर नवाच्या आकड्याजवळच्या किनाऱ्यावर वाऱ्याचे काय होईल?